उंबऱ्याबाहेरची वडी

जगातल्या पुरुषांत गरीब-श्रीमंत, शहाणे-खुळे असले भेद इतरांनी करावेत. माझ्या मामेसासऱ्यांच्या लेखी पुरुष दोनच प्रकारचे, मऊ दाढीचे आणि राठ दाढीचे. माणसाच्या डोळ्यांत बघून बोलायची रीत त्यांना ठाऊकच नव्हती, ते थेट हनुवटीशी बोलत. माझं लग्न ठरायच्या वेळी मुलीकडची मंडळी आमच्या घरी आली होती. बाकीचे पगाराची, शिक्षणाची, गावाकडच्या जमिनीची चौकशी करत होते. मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, उठून माझी हनुवटी धरली, तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं आणि गालावरून खालून वर अंगठा फिरवला. "राठ आहे. शिवाय उलटी वाढते. उत्तम!" एवढं बोलून ते पुन्हा पोह्यांकडे वळले. माझ्या आईला वाटलं, मुलगा पसंत पडला. मलाही तसंच वाटलं. लग्नानंतर पहिल्यांदा मामांकडे संगमनेरला गेलो तेव्हा खरा प्रकार कळला. भाचीला नवरा मिळाला होता हे खरंच, पण मामांना त्याहून महत्त्वाची गोष्ट मिळाली होती: त्यांच्या साबणासाठी हक्काचा गाल.

मामा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. दिवसभर साखर तपासून तपासून त्यांना गोडाची इतकी शिसारी आली होती, की चहासुद्धा बिनसाखरेचा घेत आणि पाहुण्यालाही तसाच देत. त्यांचा सगळा जीव दाढीच्या साबणात. तरुणपणी ते नगरच्या कॅम्पात कारकून होते, तेव्हा विलायतेला परत निघालेल्या एका साहेबानं लाकडी वाटीतली दाढीच्या साबणाची गोल वडी त्यांना देऊन टाकली होती. ती वडी म्हणे दगडासारखी टणक होती, वर्षानुवर्षं झिजली नाही, आणि ब्रश नुसता फिरवला की सायीसारखा घट्ट फेस. ती संपली त्या दिवसापासून मामांनी ध्यास घेतला, की अशी वडी आपण संगमनेरात करायची. गंमत अशी, की खुद्द मामांना दाढी जवळजवळ नव्हतीच. दुष्काळातल्या बाजरीसारखे इथं एक, तिथं एक केस. म्हणून तर दुसऱ्यांचे गाल लागत. आमच्या मुक्कामात माझा डावा गाल बाजारच्या साबणानं आणि उजवा मामांच्या साबणानं व्हायचा. एकदा अशी दाढी करून मी तिथल्याच एका शाळेत हेडमास्तर असलेल्या मित्राला भेटायला गेलो, तर मामा पाठोपाठ हजर. हेडमास्तरांच्या खोलीत, दोन शिपाई आणि एका पालकासमोर, त्यांनी माझ्या दोन्ही गालांवर अंगठे टेकवले आणि पालकाला म्हणाले, "तुम्हीही बघा हात लावून. फरक आहे की नाही?" तो बिचारा मुलाचा दाखला न्यायला आला होता. त्यानं हात लावून पाहिला आणि "व्हय, उजवा गुळगुळीत हाय," असं सांगून टाकलं. मामा आठवडाभर खूश होते.

साबण शिजवणं हे मामांच्या मते पोरखेळ. तेलात कॉस्टिक सोडा घालायचा, ढवळत राहायचं, घट्ट झालं की वड्या पाडायच्या. असला साबण कुणीही करील, आणि असला साबण ब्रश लागताच लिबलिबीत होईल. खरं काम पुढं. शिजलेला साबण मामा बटाट्याच्या किसणीवर किसत आणि तो कीस खाटेवर धोतर अंथरून उन्हात घालत. शेजारच्या खाटेवर मामींच्या कुरडया असत. शेजारच्या मुलांनी साबणाचा कीस खाऊन पाहिला नाही असा एकही उन्हाळा गेला नसेल. कीस कडकडीत वाळला, की तो दोन रुळांमधून दाबून काढायचा, पुन्हा गोळा करून पुन्हा काढायचा, असं त्यातली हवा आणि उरलंसुरलं पाणी निघून तो लोण्यासारखा एकजीव होईपर्यंत. मग लोखंडी कड्यात भरून पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरच्या शिकंज्याखाली आवळायचा आणि महिनोन्‌महिने वाळत ठेवायचा. "साबण शिजवून होत नाही जावईबापू, साबण दाबून होतो," असं ते म्हणत, आणि म्हणताना दोन्ही तळवे असे काही दाबत, की ऐकणाऱ्याचाच जीव गुदमरावा.

आता असे रूळ संगमनेरात कुणाकडे असणार? रसवंतीवाल्याकडे. पावसाळ्यात रसवंती बंद असायची, तेव्हा मामा त्याला गळ घालून चरकातून साबण काढत. एका वर्षी मात्र चरक धुवायचा राहिला. हंगामाच्या पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या ग्लासात अर्धा रस आणि अर्धा फेस आला. रसवंतीवाल्यानं घाईनं चरकावर पाण्याच्या बादल्या ओतल्या, तसा फेस आणखी फुगला, रुळांतून, दात्यांतून, खालच्या पिंपातून बाहेर आला आणि रस्त्यावर चालू लागला. रसवंतीवाला धावत मामांकडे आला. "साहेब, लवकर चला! ह्यो फेस काय खाली बसंना!" त्याचं नुकसान झालं होतं, माणूस रडकुंडीला आला होता, आणि मामा मात्र त्या फेसाकडे पाहत पुटपुटले, "अर्धा तास झाला, अजून एक बुडबुडा फुटला नाही!" पुढं महिनाभर त्यांनी रोज संध्याकाळी रसवंतीवर जाऊन स्वतःच्या हातांनी चरक पुसला. माणूस वेडा होता, पण वाईट नव्हता.

पण मामांचं खरं दुःख रुळांचं नव्हतं, मामींचं होतं. मामींच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. आणि विलायती वडीचा टणकपणा येतो तो जनावराच्या चरबीनं. अगदी सुरुवातीच्या काळात मामांनी खाटकाकडून चरबी आणली आणि मामींना सांगितलं, "डालडा आहे." मामींच्याच पुरणाच्या पितळी पातेल्यात ती कढवली. वास तुपासारखा येतो असं त्यांचं मत होतं. गल्लीतल्या कुत्र्यांचं मत वेगळं पडलं. घटकाभरात झाडून सगळी कुत्री येऊन दारासमोर पंगतीला बसल्यासारखी बसली. मामी बाहेर आल्या, त्यांनी कुत्र्यांकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. भांडल्या नाहीत. पातेलं बोहारणीला देऊन टाकलं आणि एवढंच म्हणाल्या, "हे पुन्हा माझ्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही."

त्या दिवसापासून साबण अंगणात गेला आणि त्याच्याबरोबर मामांची दाढीही. थंडी असो, पाऊस असो, पडवीच्या खांबाला आरसा टांगून हा माणूस उघड्यावर दाढी करायचा. चरबी त्यांनी पुन्हा कधी आणली नाही. करंजाचं तेल झालं, मोहाचं झालं, खोबरेल झालं. कशानं वास मारायचा, कशानं फेस पाहुण्यासारखा आल्या पावली परत जायचा. शेवटी कोकमतेल सापडलं. मामींचा भाऊ कोकणात नोकरीला होता, तो दर दिवाळीला बहिणीच्या टाचांच्या भेगांसाठी कोकमतेलाचे कडक पांढरट गोळे आणायचा. मामांनी त्याला जास्त गोळे आणायला सांगितले आणि वडी जमली. मी हाताळली आहे, म्हणून सांगतो, जमिनीवर टाकली तर टण्णकन वाजायची. मामा प्रत्येक नवी वडी तळहातावर घेऊन उंबऱ्याबाहेर उभे राहत. "अगं, शपथेवर सांगतो, नुसतं तेल आहे. कोकमाचं." मामी आतून, तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता म्हणत, "तेव्हा डालडा म्हणाला होतात." मामा वडी धोतराला पुसून पुन्हा अंगणात नेऊन ठेवत. साबण नावाजणारे गाल त्यांना गावभर मिळाले होते, त्याचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. बायकोनं एकदा विश्वास ठेवावा, एवढ्यासाठी तो माणूस झुरत होता, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर इतकं उघड दिसायचं की मला तिथं उभं राहवत नसे.

बहात्तरच्या आसपासचा हिवाळा असेल. आम्ही दोघं नाताळच्या सुट्टीत संगमनेरला गेलो होतो. एका संध्याकाळी मामींनी नेहमीप्रमाणे पडवीत, पाण्याच्या बंबाजवळ बसून कोनाड्यातला कोकमतेलाचा गोळा घेतला, निखाऱ्याच्या धगीला धरला आणि टाचांना चोळला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पडवीलगतच्या मोरीत पाय धुवायला गेल्या आणि एकदम ओरडल्या, "अहो!" आम्ही धावलो. मामींच्या दोन्ही पायांना घोट्यापर्यंत पांढराशुभ्र फेस आला होता. मामांनी कोनाड्यात पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. कड्यात भरून उरलेल्या साबणाचा गोळा त्यांनी हातानं वळून तिथंच वाळत ठेवला होता, नेमका मामींच्या गोळ्याशेजारी. नजर अधू झालेल्या मामींनी तोच उचलला होता.

मामा भिंतीला टेकून उभे राहिले. "मी... मी मुद्दाम नाही ठेवला," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. माझ्या बायकोनं माझा हात घट्ट धरला. ज्या वस्तूला या बाईनं इतकी वर्षं उंबरा ओलांडू दिला नाही, ती आज तिनं स्वतःच्या हातानं अंगाला चोळली होती. आता मामी माहेरी निघून जाणार, असंच आम्हां सगळ्यांना वाटलं. मामी खाली वाकल्या. बोटांवर थोडा फेस घेऊन त्यांनी तो अंगठ्यानं चोळला, वास घेतला, पुन्हा चोळला. मग टाचेवरून हात फिरवला. भाऊ गोळे आणायला लागल्यापासून त्या हातांनी हिवाळ्यात दुसरं काही चोळलं नव्हतं.

"कोकमतेलच आहे," त्या हळूच म्हणाल्या.

"मग मी इतकी वर्षं काय सांगतोय?" असं मामा म्हणतील म्हणून मी वाट पाहत होतो. मामींनी पाय धुतले, पदराला हात पुसले, खांबाचा आरसा काढला, साबणाची वाटी उचलली आणि आमच्यासमोरून उंबरा ओलांडून आत गेल्या. आतून आवाज आला, "गारठ्यात कशाला बसता? इथं बसा, उजेड आहे."

मामा आत जाऊन खिडकीशी बसले. त्यांनी तोंडाला फेस लावला, ब्रश खाली ठेवला आणि वस्तरा न उचलता तसेच आरशात बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "काय झालं हो?" मामींनी घाबरून विचारलं.

"काही नाही," मामा म्हणाले, "साबण झोंबतोय डोळ्यांना."

मामांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, त्यांच्यामागं मामीही गेल्या. हल्ली मी नळीतला कुठलासा फेस तोंडाला फासतो आणि माझे राठ गाल कसेबसे उरकतो. उलटा अंगठा फिरवून पाहणारं कुणी उरलेलं नाही. आपला साबण लहान मुलाच्या डोळ्यांत गेला तरी झोंबणार नाही, हे ज्या माणसानं पैज लावून गावभर सांगितलं, त्यानं आपल्या साबणाला जन्मात एकदाच नाव ठेवलं, तेही मामींच्या देखत.