शाल आणि हजेरी

कष्ट करून शिकणाऱ्याच्या पाठीशी सारा समाज उभा असतो. निदान फोटो निघेपर्यंत तरी. काल एका समारंभात नोकरी करून शिकणाऱ्या मुलीला शाल घातली. हातातल्या नारळाचं काय करावं, तिला कळेना. मलाही कळलं नव्हतं. मी सकाळी औषधांच्या दुकानात काम करून कॉलेजात जायचो, तेव्हा प्राचार्य माझा सत्कार करून माइकवर म्हणाले होते, "हजेरीची काळजी सोड, आम्ही आहोत." मी सोडली. पुढे कमी हजेरीमुळे मला परीक्षेला बसू दिलं नाही. दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली, तर ते मायेने म्हणाले, "बाळा, ते भाषण होतं." मला एकच तास कमी पडला होता. हजेरीपटात पाहिलं, तर सत्कार चालू होता त्या तासाला मी गैरहजर होतो.