राजाची अडीच घरं

आमचे हे वायरमन आहेत. तळेऱ्याच्या आसपासच्या वाड्यांत वीज गेली की लोक यांना फोन करतात आणि हे खांबावर चढतात. तुम्हाला वाटेल, माणूस शूर असणार. छे! वीस वर्षं संसार करून सांगते, यांच्याइतका भित्रा माणूस मी पाहिलेला नाही. लाइन बंद केली ना, हे तीनदा विचारतील आणि चौथ्यांदा परत फोन लावतील. गॅस बंद आहे ना ते बघायला अर्ध्या वाटेतून घरी येतील. मी म्हणते, "भियाक पगार मिळतो तर तुमी एव्हाना सायब झाले असतास." त्यावर यांचं ठरलेलं उत्तर, "भितंय म्हणान जितो आसंय."

नाव सत्यवान. एका बुद्धिबळात मात्र हे कोणाच्या बापाला भीत नसत. वडिलांकडून देशी खेळ शिकलेले. देशी खेळात राजाला एक सवलत असते. शह बसण्याआधी एकदाच त्याला घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते. आमच्या अक्षयाला यांनी ही उडी सहाव्या वर्षी शिकवली, आणि अशी घोटून घेतली की पोरीचा हात आपोआप तिकडे जायचा. सात वर्षं बापलेक पडवीत तसंच खेळली.

मग शाळेच्या बाईंनी तिला तालुक्याच्या स्पर्धेला नेलं. पाचव्याच चालीला हिने राजा अडीच घरं उडवला. समोरचा मुलगा फिस्सकन हसला. पंचांनी सांगितलं, बाळा, स्पर्धेच्या नियमांत अशी उडी नाही. आणि राजाला हात लावलास ना, मग आता राजाच हलव. तिने तो एक घर पुढे सरकवला आणि थोड्याच वेळात उघड्यावर मात खाल्ली. हे त्या दिवशी जेवले नाहीत. "माझ्यामुळां," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून शिकवणी सुरू झाली, ती आधी यांची स्वतःची. खांबावरून उतरले की मोबाइल काढायचा, डावाच्या सुरुवाती बघायच्या आणि वहीत उतरवायच्या. या सुरुवातींना नावं असतात हे मला तेव्हा कळलं. इटालियन काय, सिसिलियन काय! मी म्हटलं, पोपटपंची करून काय होणार? तर चिडले. म्हणाले, पाठांतराचं हे काम नाही, प्रत्येक चालीला कारण असतं. इटालियन घ्या. आधी मधली घरं धरायची, घोडा नि उंट लवकर बाहेर काढायचे, उंटाची नजर समोरच्या राजाजवळच्या सगळ्यात कच्च्या प्याद्यावर ठेवायची. हल्ल्याची घाई करायची नाही. त्याआधी किल्लेकोट करायचा, म्हणजे राजा दोन घरं कडेला सरकतो आणि हत्ती त्याला ओलांडून पलीकडे पहाऱ्याला बसतो. हे सांगताना यांचा चेहरा इतका निवांत व्हायचा! भित्र्या माणसाला आवडेल अशीच चाल ती.

वर्षभर बापलेकीने तेच केलं. अक्षयाने नुसती चाल सांगितलेली यांना चालायची नाही. "कित्याक?" म्हणजे का, हा प्रश्न ठरलेला. मी भाकऱ्या थापताना ऐकून ऐकून मलाही निम्मी उत्तरं यायला लागली. पण यांची भीती काही जाईना. "डोक्यात नवीन बसला, हातात जुनाच आसा," म्हणायचे. "घाबारली की हात जुन्या वाटेन जातलो."

जिल्ह्याच्या स्पर्धेत पाच डावांत तिचे चार गुण झाले. सहावा डाव नुसता बरोबरीत सुटला असता तरी ती राज्याच्या स्पर्धेला जाणार होती. पालकांनी बाहेर खिडकीशी उभं राहायचं, चकार शब्द काढायचा नाही, असं पंच दोनदा बजावून गेले होते.

खिडकी अक्षयाच्या पाठीमागे होती. यांनी माझं मनगट धरलं होतं आणि यांचा तळवा घामाने चिंब होता. मलाही भीती वाटत होती, पण डावाची नाही. यांनाच काही होतंय की काय, याची.

"इटालियनच आसा," हे पुटपुटले. "उंट भायर इलो."

समोरच्या मुलीने दुसरा घोडा काढला. अक्षया थांबली. खूप वेळ थांबली. हात पुढे नेला, मागे घेतला. परत नेला, परत मागे.

"विसारली," हे म्हणाले. "गेला सगळा." माझं मनगट दुखायला लागलं.

अक्षया पुढे वाकली आणि पट तिच्या पाठीआड गेला. दिसला तो फक्त तिचा हात. त्यात राजा होता आणि हात उजवीकडे निघाला होता.

"अक्षया! राजाक उडवू नको गो!"

खांबाखाली उभं राहून वरच्या माणसाला ओरडतात, तसा आवाज. सगळा हॉल वळला. अक्षयाच्या हातातला राजा पटावर पडला आणि दोन प्यादी आडवी झाली. समोरच्या मुलीने हात वर केला. पंच आले. बाहेरून चाल सांगितली गेली होती, शंभर माणसांनी ऐकली होती.

हे हात जोडून आत गेले. साहेबांशी बोलतात तसं शुद्ध बोलले, "सर, चूक माझी आहे. शिक्षा मला करा, तिला नको."

"काका, शिक्षा डावालाच होते," पंच म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत असावं. कागदावर त्यांनी अक्षयाच्या नावापुढे शून्य लिहिलं.

पोर बाहेर आली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. खाली बसून चपलेचा पट्टा लावता लावता म्हणाली, "बाबा, मी किल्लेकोट करीत होतंय."

"मगे इतको येळ कित्याक थांबलंस गो?" यांनी विचारलं.

"कारण समाजल्याशिवाय चाल करू नको, असा तूच सांगतंस मां? ताच शोधीत होतंय. गावला माका, आणि तू ओरडलंस."