हळदीच्या अंगानं पाच इनिंग

"हातातलं ते काढा," अंपायर म्हणाले.

मी माउंडवर उभा होतो. माउंड म्हणजे बेसबॉलच्या मैदानातला मातीचा बुटका उंचवटा. पिचर तिथून बॉल फेकतो. बारामतीतलं कॉलेजचं ग्राउंड, सकाळचं ऊन, समोर बॅटर तयार, आणि माझ्या उजव्या मनगटाला पिवळ्या दोऱ्यात बांधलेलं हळकुंड. आदल्या दिवशी निमगाव केतकीत मला हळद लागली होती. दुसऱ्या दिवशी लग्न होतं.

"साहेब, ते कंकण आहे."

"दिसतंय. पिचरच्या हातावर, मनगटावर काही चालत नाही."

नियम बरोबर होता. बॅटर पिचरच्या हाताकडे बघून बॉलचा अंदाज घेतो. तिथे काही लोंबकळत असेल तर त्याची नजर फसते. मी इतकी वर्षं राज्याच्या टीमकडून खेळलो, पण आपलंच लग्न नियमाच्या आड येईल हे डोक्यात आलं नव्हतं.

मग त्यांनी माझी बोटं बघितली. तीही पिवळीजर्द. बॉलला चिकट काही लावलं की तो वाकडातिकडा वळवता येतो, म्हणून अंपायर बोटं तपासतात. मी साबण, लिंबू, राख सगळं लावून पाहिलं होतं, पण माझ्या आत्यांनी हात राखून हळद लावलीच नव्हती. अंपायरांनी एक नवा बॉल माझ्या बोटांत दाबला, उलटसुलट करून पाहिला. पांढराच होता.

"हळद चालेल. दोरा नाही."

आता लग्नाच्या तोंडावर मी तिथे काय करत होतो, ते सांगतो. आपल्याकडे बेसबॉल खेळून पोट भरत नाही. सर्टिफिकेट मिळतं, ट्रॅकसूट मिळतो, आणि लोक विचारतात, "म्हंजी क्रिकेटच, पण चुकीचं?" बाहेरच्या देशातल्या एका लीगचा स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारा माणूस, आमची मॅच बघायला येणार होता. त्याची तारीख लग्नानंतरची होती. ती ऐन वेळी अलीकडे आली. त्याला स्टार्टिंग पिचर हवा होता. स्टार्टिंग पिचर पहिल्या बॉलपासून फेकतो आणि मॅचचा निम्म्याहून जास्त भार एकटा ओढतो. मधेच येऊन थोडं फेकणारा रिलीव्हर वेगळा. दोघांचं काम निराळं, पगारही निराळा. माझं वय असं होतं की पुढच्या वर्षी कोणी मला बघायला आलं नसतं. फेकायचं तर आज, आणि पहिल्यापासून.

मी डगआउटकडे, म्हणजे टीम बसते त्या जागेकडे गेलो. तिथे आमचे कोच काळे सर डोक्याला हात लावून बसले होते. शेजारी माझे मामा बसले होते, हातात कट्यार, तिच्या टोकाला लिंबू. हळद लागल्यावर नवरदेवानं वेस ओलांडायची नाही असं आमच्याकडे मानतात. मामा सोबत राहतील आणि कट्यार जवळ असेल, या अटीवर मला सोडलं होतं.

"मामा, कंकण सोडायला लागतंय."

"येड लागलं का तुला?" मामा उठलेच. "मी बांधलंय ते. लगीन लागल्याबिगर सुटायचं न्हाय."

"मग मला खेळता यायचं न्हाय."

"मग नगं खेळू. बॉल काय, परवा टाक की!"

सर मधे पडले. "मामा, तो गोरा माणूस परवा विमानात असेल."

"आसंल. पर कंकण नवरीनंच सोडायचं आसतं. माझ्याबी हातात न्हाय ते."

मामांनी नाही म्हणता म्हणता वाटच दाखवली होती. लग्नानंतर नवरा-नवरी एकमेकांचं कंकण सोडतात, तेही एका हाताने, हे गावात सगळ्यांना माहीत. म्हणजे सोडायचा हक्क माझ्या नवरीचा, वर्षाचा. आणि वर्षाचं गाव पिंपळी, बारामतीला लागूनच. मी फोन लावला.

"वर्षा, ग्राउंडवर येतीस का? कंकण सोडायचंय."

"आत्ता? आवो, माझ्या अंगाला हळद हाय."

"माझ्याबी हाय."

तिच्या मागे बायकांची गाणी ऐकू येत होती. लग्नाआधीच मी हिला घरच्यांच्या तोंडी देत होतो.

"कंकण न्हाय सोडलं तर काय हुईल?"

"मला बघायला आलेला माणूस न बघताच जाईल."

"मग येते. काकूला गाडी काढाय सांगते."

आता वेळ काढायचा होता. नियमाने पाहुणी टीम आधी बॅटिंग करते, म्हणजे आम्हाला आधी फेकायचं होतं. सरांनी समोरच्या कोचला हात जोडले. सरावाचीच मॅच होती. तो हसला आणि म्हणाला, "घ्या आधी बॅटिंग. आहेर नाही आणला, हा समजा."

सरांनी आमच्या बॅटरना एकच सांगितलं, "लांबवा."

पण लांबवायचं म्हटलं की हटकून घाई होते. आमचे दोन गडी झटपट आउट झाले. तिघे आउट झाले की बाजू बदलते, म्हणजे तिसरा गेला की मी माउंडवर. तिसरा होता आमचा कॅचर, म्हणजे माझे बॉल झेलणारा, भोसले. त्याचेही दोन स्ट्राइक झाले, म्हणजे दोन बॉल हुकले. तिसऱ्या स्ट्राइकला बॅटर आउट होतो. पण त्याने बॉल नुसता बॅटला लावून रेषेबाहेर घालवला तर तो फाउल, आणि अशा फाउलवर आउट होत नाही, पुन्हा खेळायचं. भोसलेने तेच धरलं. एक मागे, एक उजवीकडे, एक थेट उसाच्या रसाच्या गाड्यावर. समोरचा पिचर वैतागला. भोसले दुसऱ्यांदा बूट बांधत होता, तेवढ्यात गेटातून स्कूटर आत आली.

वर्षा उतरली. पिवळी साडी, पिवळा चेहरा, केसातसुद्धा हळद. मामांनी तोंड फिरवलं, पण कान इकडेच होते. तिने माझा हात धरून गाठ बघितली.

"कुणी बांधलीय वो ही? बैल बांधायचा होता काय?"

"एका हातानं सोड, पोरी," मामा पाठमोरेच म्हणाले. "रीत हाय."

ती एका हातानेच सोडायला लागली. दोन्ही टीम खेळ सोडून बघत होत्या. गाठ सुटली तेव्हा समोरच्या टीमनेही टाळ्या वाजवल्या. वर्षाने कंकण जमिनीला लागू दिलं नाही. काकूकडून आपल्या हातात स्वतःच्या कंकणाशेजारी बांधून घेतलं आणि म्हणाली, "संध्याकाळी माघारी बांधीन. आता जावा."

मला तेव्हा ती इतकी आवडली, की तसंच्या तसं सांगायची आजही लाज वाटते.

भोसले पुढच्याच बॉलला आउट झाला. मी माउंडवर गेलो आणि पहिला बॉल कॅचरच्या डोक्यावरून जाळीत घातला. अंपायर म्हणाले, "नवरदेव, दमानं." मग हात बसला. नऊपैकी पाच इनिंग फेकलं, एक रन दिला. वर्षाची काकू मधूनमधून विचारत होती, "ह्येची ओव्हर कवा संपती?" बेसबॉलमध्ये ओव्हर नसते हे तिला कोणी सांगितलं नाही, आणि वर्षालाही माहीत नव्हतं.

मॅचनंतर स्काउट सरळ माझ्याकडे आला आणि मनगट दाबून बघायला लागला. त्याला वाटलं होतं, हाताला दुखापत आहे आणि नर्सने येऊन पट्टी काढली. सर घाईघाईने इंग्रजीत म्हणाले, "नो इंजुरी, सर. ओन्ली मॅरेज." तो वर्षाकडे बघून हसला, आणि मग माझा खांदा तपासून झाला तरी हसतच होता.

करार पुढे आला. त्या लीगमध्ये मी अजून फेकतो, दर पाचव्या दिवशी. मधले दिवस हात बरा व्हायला लागतात. गावाला मात्र वाटतं की मी चार दिवस बसून खातो.

नव्या पिचरना मी एवढंच सांगतो. मैदानाचे नियम पुस्तकात असतात, ते पाठ करा. लग्नाचे नियम मामाला विचारा. आणि मामा अडला, तर नवरीला.