सुपाचा आवाज

अण्णा गेल्याची बातमी मला त्यांच्या एका विद्यार्थ्यानं आणली. सकाळच्या गाडीनं तो मुद्दाम ठाण्याहून कल्याणला आला होता. दारात उभं राहून कसंबसं चार शब्द बोलला आणि हमसून रडू लागला. खरं सांगतो, त्या घटकेला माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हे बघायला अण्णा हवे होते... कारण आपला तास पोरांना आवडतो, यावर या माणसाचा पुष्कळ दिवस विश्वासच नव्हता.

अण्णा माझे मावसभाऊ, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे. मुंबईच्या एका कॉलेजात ते तर्कशास्त्र शिकवत. रोज ठाण्याहून जात-येत. विद्वत्ता म्हणाल तर आमच्या सगळ्या गोतावळ्यात त्यांच्या तोडीचा कुणी नव्हता. पण वर्गात उभं राहिलं की हातपाय गार पडत, आणि घाबरले की ते दुप्पट वेगानं बोलत. पोरं मुकाट्यानं खाली माना घालून वह्या भरत. ती शांतता अण्णांना खाई. एकदा प्रिन्सिपॉलसाहेब मागच्या बाकावर येऊन बसले आणि जाताना इंग्रजीची तारीफ करून गेले. दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. अण्णा घरी येऊन मला म्हणाले, "साहेबानं माझं इंग्रजी तपासलं रे. शिकवणं कोण तपासणार?"

त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा लिहिला. ठाण्याच्या कचेरीत कारकुनी पत्करायची, असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. मी पुष्कळ समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

राजीनामा द्यायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे होतो. वडीलमंडळी देवळात गेली होती. ओसरीवर बसून अण्णा शेवटचं व्याख्यान मराठीत करून मला ऐकवत होते आणि माजघरात वहिनी तांदूळ पाखडत होत्या. अण्णांनी वाचलं, "जे नेहमी आधी घडतं ते कारण, जे नेहमी नंतर घडतं ते कार्य." आतलं सूप थांबलं. अण्णा पुढे गेले, सूप सुरू झालं. माझ्यासाठी त्यांनी तेच वाक्य पुन्हा वाचलं, तर सूप पुन्हा थांबलं. तिसऱ्यांदाही तेच. तेव्हा अण्णांनी कागद खाली ठेवला आणि भिंतीकडे बघत विचारलं, "कुठं अडलं?"

घरात मोठी माणसं असती तर उत्तर आलंच नसतं. त्या दिवशी ते दारामागून आलं, तेही चाचरत. "संध्याकाळची गाडी शिटी देते आणि लगेच दिवेलागण होते. रोज होतं. म्हणून काय शिटीनं अंधार पडतो?"

अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांचं वाक्य अर्धवट होतं, आणि मी, शिकलासवरलेला, नंदीबैलासारखी मान डोलवत होतो! दुसऱ्या दिवशी त्यांनी ती शिटी वर्गात नेली. पोरं हसली आणि मागच्या बाकावरच्या एकानं उभं राहून प्रश्न विचारला. तो वर्षातला पहिला प्रश्न. राजीनाम्याच्या कागदात वहिनींनी पुढे मेतकुटाची पुडी बांधलेली मी पाहिली आहे.

तेव्हापासून प्रत्येक व्याख्यान आधी सुपापुढे व्हायचं. सूप थांबलं की अण्णा मागे येत आणि दुसऱ्या शब्दांत सांगत. मावशीला, म्हणजे वहिनींच्या सासूबाईंना, मात्र कोडं पडे, की सून एवढे तांदूळ पाखडते तरी किती! अण्णांची भीती कधीच पूर्ण गेली नाही. मला म्हणत, "भीती आहेच रे, पण आता कुठं थांबायचं ते कळतं." मी कल्याणच्या शाळेत छडीच्या जोरावर स्वतःला मोठा मास्तर समजत होतो. मला ते वाक्य तेव्हा फारसं कळलं नाही.

अण्णा तापानं गेले. तर्कशास्त्र घेऊन मीही पदवीधर झालेला, म्हणून सव्वा महिन्यानं कॉलेजातून मला निरोप आला, की त्यांचा वर्ग वर्षअखेरपर्यंत तुम्ही चालवा. अण्णांचे कागद मागायला मी ठाण्याला गेलो. मावशीनं ते आणून दिले. त्या मुलांपुढे मी कोण? ओसरीवर बसलो आणि न ठरवताच ते मराठीत करून मोठ्यानं वाचू लागलो. थोड्या वेळानं आत सूप सुरू झालं... मी वाचत राहिलो. शिटीचा दाखला आला, तो वाचला आणि पुढच्या वाक्याला लागलो. सूप थांबलं.

मी विचारलं, "वहिनी, कुठं अडलं?"

मावशी समोरच बसली होती, पण तिनं सुनेला अडवलं नाही. मग दारामागून वहिनी म्हणाल्या, "अडलं नाही, भाऊजी. इथं इकडून थांबणं व्हायचं. मुलांना हसायला वेळ द्यावा, म्हणायचे."

मी मागे आलो, शिटी पुन्हा वाचली आणि थांबलो. ओसरीवर कुणीच हसलं नाही. पण मी थांबून राहिलो, आतलं सूप पुन्हा सुरू होईपर्यंत.