प्रागमधली रिकामी बशी

प्रागच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये शेवटच्या सकाळी हरिभाऊंनी, बायकोला तेवढीच मदत म्हणून, शेजारच्या आजीबाईंची बशी धुऊन-पुसून परत केली आणि शाबासकीची वाट पाहत बसले.

"रिकामी दिलीत?" सुमतीबाई ओरडल्याच.

आदल्या संध्याकाळी त्या बशीतून नातवंडांसाठी, नील आणि ऋजुतासाठी, सफरचंदाचा केक आला होता. आणि नौपाड्याच्या जुन्या बिल्डिंगमध्ये संसार केलेल्या सुमतीबाईंकडून शेजारचं भांडं कधी रिकामं परत गेलं नव्हतं. पातोळ्या आल्या की त्याच वाटीतून चिवडा जायचा. महिनाअखेरीला निदान चिमूटभर साखर तरी. कुणाची वाटी कुणाकडे राहिली यावरून भांडणं व्हायची आणि पुढच्या वाटीने मिटायची. मग बिल्डिंग पाडली, बिऱ्हाड वर्तकनगरच्या टॉवरमध्ये आलं आणि बेल वाजवायला उरला फक्त पार्सलवाला. इतक्या वर्षांनी दाराशी शेजारची बशी आली होती!

"आजी, एअरपोर्टची टॅक्सी आलीये खाली," नील म्हणाला.

"थांबेल."

घरून आणलेला उरलासुरला रवा तुपात पडला. मुलाने, साकेतने, कपाळाला हात लावला. ऋजुता धावत जाऊन आजीबाईंकडून तीच बशी परत मागून घेऊन आली.

"अगं, त्या बाईंना काय कळणार आपली पद्धत?" हरिभाऊ कळवळले. "त्या काय नौपाड्याच्या आहेत?"

गरम शिरा बशीत थापत सुमतीबाई म्हणाल्या, "मी आहे ना!"