पाटले मॅडमचे चहाचे डबे

शाळेत किस्से कसे साठतात सांगू का? कोणी ठरवून काही करत नाही. मधली सुट्टी असते, चार माणसं टेबलाभोवती बसलेली असतात आणि ज्याला त्यातलं काही कळत नाही, तोच बाकीच्यांना समजावून सांगत असतो. बस, झाला किस्सा! मुर्रीकडच्या आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये यंदा जेवढे साठले, ते सगळे चहाचे.

झालं असं, की पाटले मॅडमची रश्मी सिलिगुडीला नोकरी करते. तिकडचाच एक मुलगा तिला आवडला. मुलाचे वडील सिन्हाजी, चहाच्या बागेच्या ऑफिसात आयुष्य काढलेला माणूस. ते आणि त्यांच्या मिसेस फुलचूरला मॅडमच्या घरी पहिल्यांदा येणार असं ठरलं आणि रश्मीनं आईला चार डबे पाठवले. पांढरा चहा, हिरवा, ऊलाँग आणि काळा. फोनवर वरून ताकीद, "आई, आपला उकळलेला चहा त्यांना देऊ नको गं. हा शिकून घे."

मॅडमनी डबे थेट स्टाफरूममध्ये आणले. "चहापायी पोरीचं जमलेलं मोडलं तर? तुम्ही सगळे शिकलेले आहात. शिकवा मले."

आम्ही शिकलेले! कोणी गणित, कोणी विज्ञान, मी इंग्रजी. चहा कोणीच नाही!

*

पहिला डबा पांढऱ्या चहाचा. उघडून ठेवला आणि आम्ही तासाला गेलो. परत येतो तर डबा रिकामा! आमचा रोजचा चहा करणाऱ्या कौतिकाबाई बाहेर अंगणात पेपर पसरून बसलेल्या, शेजारी एक बकरी घुटमळत होती.

"पत्तीले बुरशी लागली होती जी. पांढरी पांढरी. उन्हात टाकली."

मॅडमनी घाबरून रश्मीला फोन लावला. पोरगी तिकडून ओरडली, "आई, ती बुरशी नाही! कोवळ्या कळीवरची लव आहे ती! तिचाच तर मान असतो!"

कौतिकाबाईंनी शांतपणे ऐकलं आणि मान हलवली. "तरीच! बकरी काऊन फिरून फिरून येऊन राहिली, ते आता समजलं."

*

हिरवा चहा मॅडमनी स्वतः केला. सवयीनं. म्हणजे पत्ती, साखर, आलं, दूध, आणि तीनदा वर आणून खाली बसवलेली उकळी. रंग शेवाळलेल्या टाकीचा. चव मी सांगत नाही.

रश्मी म्हणाली, "यात दूध नको, साखर नको. आणि पाणी उकळायचंच नाही. तळाशी बारीक बुडबुडे आले की गॅस बंद. कडकडीत पाणी टाकलं की पत्ती कडू होते."

"उकळायचं नाही तर मग चहा होतो कसा?" मॅडम आमच्याकडे बघायला लागल्या. आम्ही राहांगडाले सरांकडे. विज्ञानाचे ना ते!

सर उठले, प्रयोगशाळेतून थर्मामीटर आणला, पातेल्यात धरला आणि वाकून पारा बघत बसले. कौतिकाबाई दारातच थबकल्या.

"चहाले ताप आहे का जी?"

*

ऊलाँगची पत्ती म्हणजे घट्ट वळलेल्या काळपट गोळ्या. मिऱ्याएवढ्या. मॅडमनी वास घ्यायला म्हणून थोड्या बशीत काढल्या होत्या. तेवढ्यात हेडसर आले, पोटावर हात फिरवत. बशीकडे बघून म्हणाले, "ॲसिडिटीच्या का?"

आम्ही "सर, सर" म्हणेपर्यंत चार गोळ्या पाण्यासोबत घशाखाली!

या गोळ्या गरम पाण्यात फुगून अख्खं पान होतात, हे रश्मीनं सकाळीच सांगितलेलं. राहांगडाले सर कुजबुजले, "आत फुगल्या तर?"

शेवटच्या तासानंतर हेडसर पुन्हा आले. आम्ही सगळे त्यांच्या पोटाकडेच बघत होतो. म्हणाले, "आराम आहे. आणखी आहेत का?"

*

आता माझीच फजिती. काळ्या चहाच्या डब्यावर इंग्रजीत सूचना होत्या. मॅडमनी डबा माझ्यापुढे सरकवला. त्यावर लिहिलेलं, 'स्टीप' करा. मी इतकी वर्षं वर्गात स्टीप म्हणजे उभा चढ, असंच शिकवते. मी फळ्यावर डोंगरसुद्धा काढते!

"चढ," मी म्हणाले.

"कोणावर?" मॅडम म्हणाल्या.

शेवटी रश्मीनंच फोनवर माझी सुटका केली. "मुरू द्यायचं, मॅडम! खळखळतं पाणी ओतायचं, झाकायचं, तीन मिनिटं मुरू द्यायचं आणि लगेच गाळायचं."

तसा केला. पहिल्यांदाच नीट जमला, तांबूस, स्वच्छ. मॅडमनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. म्हणाल्या, "पोरगी रोज हे पिऊन राहिली तिकडं? आणि मले माहीतच नाही."

त्या दिवशी कोणी हसलं नाही.

*

लग्न ठरलं, हे आधीच सांगून टाकते. साखरपुड्यात सिन्हाजींनी पुढचा किस्सा चारचौघांत सांगितला, पण त्यांना तो अर्धाच ठाऊक आहे.

पाहुणे यायचे तो रविवार होता. धीर द्यायला म्हणून राहांगडाले सर आणि मी मॅडमच्या घरी गेलो होतो. सर पांढऱ्याशुभ्र कुर्त्यात. समोरच्या खोलीत टेबल मांडलं होतं, त्यावर काळ्या चहाची पत्ती घातलेली किटली, किटलीवर पांढरा रुमाल. टेबलाच्या बरोबर वर मॅडमच्या सासऱ्यांचा फोटो, चंदनाचा हार घातलेला. सकाळच्या पूजेची उदबत्ती तिथंच जळत होती.

मॅडमनी बजावलं होतं, "पाणी ओतलं की कोणी बोलायचं नाही. बोललं की वेळ चुकते."

खिडकीतून गाडी दिसली. सरांनी पाणी ओतलं, रुमाल परत झाकला, घड्याळ बघितलं. मॅडमचे मिस्टर पाहुण्यांना दारात उतरवून गाडी लावायला गेले. सिन्हाजी आणि त्यांच्या मिसेस आत आले.

आम्ही तिघं टेबलाभोवती उभे. माना खाली. चिडीचूप. मॅडमनी न बोलता फक्त हात जोडले.

दोघं जागीच थांबले. त्यांनी आमच्याकडे बघितलं, रुमालाकडे बघितलं, मग वर फोटोकडे. सिन्हाजींनी हळूच चपला काढल्या. बाईंनी डोक्यावर पदर घेतला. दोघं हात जोडून आमच्या रांगेत येऊन उभे राहिले. मला सगळं कळत होतं, पण बोलायचं नव्हतं ना!

बाईंनी डोळे पुसले. सिन्हाजी सरांच्या कानाशी वाकले आणि अगदी दबक्या आवाजात विचारलं, "ये... किसके लिए?"

सरांनी घड्याळावरची नजर न काढता सांगितलं, "आपके लिए."