नायगावच्या मातीत पुरलेली गाठ

लातूरच्या बसस्थानकावर हैदराबादची गाडी लागली होती. अप्पांनी माझी मोठी बॅग स्वतः डिकीत ठेवली आणि कंडक्टरला बजावलं, "पोरगी परदेशी चाललीय. ह्या बॅगवर दुसऱ्याचं सामान टाकू नका." कंडक्टर म्हणाला, "काका, डिकी हाय ती, देव्हारा न्हाई." माझी थोरली बहीण अक्का हसली. ती आदल्या दिवशीच नायगावहून आली होती. तिनं माझ्या हातात कापडात बांधलेल्या कडक भाकरी दिल्या, सोबत शेंगाच्या चटणीचा डबा. "फुटल्या तरी टाकू नको. तुकडे दह्यात भिजवून खायचे," ती म्हणाली. गाडी हलली तेव्हा अप्पा खिडकीपर्यंत आले. "काम असंल तर ये, नसंल तरी ये," एवढंच बोलून ते मागं सरले.

भाकरी जर्मनीत लाइपझिगपर्यंत पोचल्या. बहुतेक फुटलेल्या होत्या. पहिले काही आठवडे मी त्याच खाल्ल्या.

आमचं घर मुरुडचं. अप्पांचं सरकी-पेंडीचं दुकान. आई मी शाळेत असतानाच गेली. त्यानंतर माझी वेणी, डबा, शाळेच्या सभा हे सगळं अक्कानं पाहिलं. तिचं नाव महादेवी, पण मी ते कधी घेतलं नाही. तिचं लग्न नांदेड जिल्ह्यात नायगावला झालं. दाजींची शेती आणि कापडाचं लहान दुकान. आम्ही लिंगायत; अप्पा रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा करून मगच दुकान उघडणारे. दाजींच्या घरीही तेच. दोन्ही घरांत माणूस गेलं की जाळत नाहीत, बसवून माती देतात, हातात लिंग ठेवून. हे इथे सांगायचं कारण पुढे येईल.

मी हार्मोन आणि पेशींवरच्या रिसेप्टरवर काम करते. एकदा फोनवर अप्पांनी विचारलं की नेमकं काय करतेस. मी सांगितलं, हार्मोन म्हणजे रक्तातून फिरणारा निरोप. तो सगळ्या पेशींपर्यंत जातो, पण ज्या पेशीत त्याचा रिसेप्टर असतो तीच तो निरोप घेते. अप्पा म्हणाले, "म्हंजे सौद्यासारखं हाय. आडतीत भावाचा पुकारा सगळ्याच्या कानावर पडतो. पण ज्याला तो माल घ्यायचाय, तोच मान हलवतो. बाकीचे चहा पीत बसतात." याहून चांगलं स्पष्टीकरण मला आजवर जमलेलं नाही. विद्यार्थ्यांना मी हेच सांगते. जर्मन मुलांना आडत समजत नाही, पुकारा समजतो.

स्तनाच्या कॅन्सरच्या अनेक गाठींत इस्ट्रोजेन या हार्मोनचा रिसेप्टर असतो. पुकारा झाला की अशी गाठ मान हलवते आणि वाढते. तो पुकारा गाठीपर्यंत पोचू नये म्हणून गोळी आहे. पण गाठीत रिसेप्टरच नसेल तर गोळीचा उपयोग नसतो. म्हणून काढलेल्या गाठीचा तुकडा तपासतात.

आमच्या प्रयोगशाळेत यासाठी ज्या पेशी वापरतो त्या एका बाईच्या आहेत. ती वारली त्याला अनेक दशकं झाली. तिच्या पेशी मात्र जगभरच्या फ्रीझरांत आहेत, वाढतात, वाटल्या जातात. मी त्यांना ठरावीक दिवशी नवं द्रव घालते. त्या बाईला काय हवं होतं, हे मला माहीत नाही.

बाहेर गेलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असते. घरचे वाईट बातमी सगळं उरकल्यावर सांगतात. अक्काचं ऑपरेशन झाल्यावर, टाके काढल्यावर मला फोन आला. "तू तिथं एकटी, उगं घोर लागला असता," अप्पा म्हणाले. नांदेडच्या एका दवाखान्यात सुई घालून तपासणी झाली होती, कॅन्सर निघाला होता, छाती आणि काखेतल्या गाठी काढल्या होत्या. मी विचारलं, "रिसेप्टरचा रिपोर्ट आला का?" अप्पांनी फोन दाजींकडे दिला.

दाजींनी जे झालं ते न लपवता सांगितलं. ऑपरेशननंतर कंपाउंडरनं त्यांच्या हातात पांढरी प्लास्टिकची बाटली दिली आणि पुढच्या गल्लीतल्या लॅबमध्ये नेऊन द्यायला सांगितलं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बाटली नातेवाईकच पोचवतात. दाजी आणि अप्पा बाहेरच्या बाकावर बसले. बाटलीत अक्काच्या अंगाचा भाग होता, तो दिसत होता. कॅन्सर आहे हे सुईच्या तपासणीत आधीच कळलं होतं. मग आता तपासायचं काय? लॅबवाले तपासून झाल्यावर ते कुठे टाकतात, असं दाजींनी कंपाउंडरला विचारलं. तो म्हणाला, जाळतात.

"जाळतात म्हणल्यावर माझा हातच पुढं होईना," दाजी मला म्हणाले.

ते बाटली घेऊन नायगावला आले. घरच्या स्वामींना, म्हणजे आमच्या जंगमांना, विचारलं. स्वामी म्हणाले, "अंगाचा भाग हाय, मातीतच गेला पाहिजे. जागा ध्यानात ठेवा. उद्या वेळ आली तर बाकीचं अंगही तिथंच यावं." शेताच्या बांधालगत जिथे दाजींच्या घरची माणसं पुरलेली आहेत, तिथे त्यांनी खड्डा केला. वरून विभूती आणि बेलाचं पान. खूण म्हणून दगड. झाकणातूनही औषधाचा, म्हणजे फॉर्मालिनचा, उग्र वास येत होता, त्यामुळे बाटली कोणी उघडली नाही; तशीच पुरली.

मुठीतला नमुना नाकाशी धरल्याशिवाय अप्पांनी आयुष्यात सरकीचं एक पोतं उतरवून घेतलेलं नाही. पण हा नमुना त्यांच्या लेकीचा होता.

मी ताबडतोब बाटली काढून लॅबमध्ये द्यायला सांगितलं. दाजी म्हणाले, "संगीताबाई, माती दिलेलं उकरत न्हाईत." मी अक्काशी बोलले. ती म्हणाली, "त्यांना जे बरं वाटलं ते त्यांनी केलं. आता ऱ्हाऊ दे." दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रागावून घेतलं आणि मग अशा वेळी इतर डॉक्टर करतात तेच केलं. रिसेप्टर असेल असं धरून गोळी सुरू केली.

गोळीनं अक्काच्या अंगातून वाफा निघू लागल्या. भर थंडीत ती पंख्याखाली बसायची. "माझ्या अंगात भट्टी, अन् तू बर्फात," ती फोनवर म्हणायची. "ये की इकडं, दोघीचंबी भागंल." हसणं झालं की ती हमखास एकच प्रश्न विचारायची. "ही गोळी मला लागू पडती का न्हाई, तेवढं सांग. तू त्याचाच अभ्यास करायलीस ना?" मी सांगायचे, तपासल्याशिवाय सांगता येत नाही. ती म्हणायची, "एवढं शिकून हेच?"

दरम्यान माझा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. काही गाठींतला रिसेप्टर काळानं बदलतो. पुकारा नसतानाही तो मान हलवत राहतो, आणि मग गोळी निरुपयोगी होते. हा बदल कसा होतो याचा एक लहान तुकडा आम्ही दाखवला होता. अप्पांनी कौतुकानं गावच्या बातमीदाराला सांगितलं. जिल्ह्याच्या एका दैनिकात बातमी आली की मुरुडच्या कन्येनं कॅन्सरवर औषध शोधलं. लोक दुकानात येऊ लागले. कोणी आपल्या आईचे कागद आणले, कोणी बायकोला घेऊन आलं. अप्पा सगळ्यांना सांगत राहिले की तसं नाही. सरकी घ्यायला आलेलं एक जुनं गिऱ्हाईक मात्र म्हणालं, "औषध काढलंय म्हणता, मग थोरलीला दिलं का न्हाई अजून?"

अप्पांनी त्याची सरकी मोजली आणि दिली. हे मला नंतर अक्कानं सांगितलं, हसत. अप्पांनी कधी सांगितलं नाही.

काही वर्षांनी अक्काची पाठ दुखू लागली. आजार हाडांत आणि यकृतात पसरला होता. यकृतात सुई घालून रिसेप्टर आता तरी तपासता आला असता. मी तिला समजावलं. ती म्हणाली, "एकदा कापलं तेवढं बास. आता कळून तू काय करशील?" यावर माझ्याकडे सांगण्यासारखं होतं: दुसरी औषधं, त्यांचा क्रम, थोडा जास्त वेळ. ते मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि नको म्हणाली.

मी रजा घेऊन आले. शेवटच्या दिवसांत ती फार बोलत नव्हती. एका दुपारी तिनं विचारलं, "त्या भाकरी पोचल्या होत्या का गं नीट?" मी हो म्हणाले. "खोटं बोलायलीस," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

दाजींनी दगडाची खूण दाखवली. भावकीतले लोक खणत होते. स्वामींनी सांगितलं होतं त्याप्रमाणे जागा तीच होती. बाटली फार खोल नव्हती. प्लास्टिक पिवळं पडलं होतं, झाकण घट्ट होतं. आत पाणी गढूळ, आणि त्यात ते.

खणणाऱ्यानं ती दाजींकडे न देता माझ्यापुढे धरली. बाटली माझ्या हातात आली. इतकी वर्षं औषधात राहिलेला तुकडा खात्रीचं उत्तर देत नाही. पण काहीतरी देतो. रिसेप्टर होता असं निघालं असतं, तर गोळी योग्य होती. नव्हता असं निघालं असतं, तर अक्कानं त्या सगळ्या वाफा फुकट सोसल्या आणि जे उपचार हवे होते ते मिळाले नाहीत. दाजी माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी हात जोडलेले नव्हते, पण ते तसे उभे होते.

अप्पा म्हणाले, "संगू, तुला लागती काय ही?"

"न्हाई अप्पा," मी म्हणाले. "दाजी, धरा."

दाजींनी बाटली घेतली. झाकण त्यांच्या हातून निघेना. ते मी काढून दिलं. स्वामींनी विभूती टाकली. अक्काला बसवलं, हातात लिंग ठेवलं, आणि तिचं होतं ते तिच्या शेजारी ठेवलं. मग माती लोटली.

मी परत लाइपझिगला आले. पेशींना द्रव घातलं. त्या बाईच्या पेशी चांगल्या वाढल्या होत्या. माझ्यामागं सहकाऱ्यानं काळजी घेतली होती. अक्काच्या प्रश्नाचं उत्तर जगात कुठेच नाही. ते मिळू शकलं असतं, एवढं मात्र मला माहीत आहे, आणि दाजींनाही. आम्ही फोनवर पावसाबद्दल बोलतो.

इथे भेटणारी मराठी माणसं विचारतात, तुमचं गाव कोणतं. पूर्वी मी मुरुड सांगायचे. आता नायगाव सांगते. तिथे मी कधी राहिलेली नाही.